गांधीलमाशीची नात

बालमित्रांनो, आज घरी एक गंमत करून पाहा. संध्याकाळी आजी-आजोबा चहा घेत बसले असतील, तेव्हा सहज विचारा, "आजोबा, लूना म्हणजे काय हो?"

आणि मग नुसतं ऐकत राहा. कुणाच्या आजोबांना कचेरीत जाण्याचा रस्ता आठवेल, कुणाच्या आजीला शेजारच्या नर्सताई आठवतील. एखादे काका तर खुर्चीत बसल्या बसल्या पायडल मारून दाखवतील! माझ्या चौथीच्या वर्गाला मी हाच गृहपाठ दिला होता. दुसऱ्या दिवशी निम्मी मुलं म्हणाली, "बाई, लूना म्हणजे सायकल!" उरलेली म्हणाली, "नाही हो बाई, स्कूटर!" भांडण जुंपायचीच वेळ आली. पण गंमत अशी, की दोन्ही बाजू बरोबर होत्या.

लूना ही 'मोपेड' होती. मोटर आणि पेडल हे दोन शब्द जोडून मोपेड हा शब्द तयार झाला. म्हणजे सायकलीसारखे पायडल असलेली, पण छोटंसं इंजिनही बसवलेली गाडी. गाडी स्टँडवर लावायची, पायडल मारायचे, 'फट् फट् फट्' आवाज झाला की गाडी सुरू. मग कान पिळावा तसा उजव्या हाताची मूठ पिळायची, की निघाली स्वारी! गिअर नाही, क्लच दाबायला नको. वाटेत पेट्रोल संपलं, तर पायडल मारत पंपापर्यंत नेता येई. घाम फुटे ते सोडा, पण गाडी ढकलत न्यावी लागत नसे.

लॅटिन आणि इटालियन भाषांत 'लूना' म्हणजे चंद्र. नाव चंद्राचं, जन्म आपल्या महाराष्ट्रातला, आणि घराणं मात्र पार इटलीतलं. या घराण्याची गोष्ट मोठी मजेदार आहे. तिच्यात विमानं आहेत, माश्या आहेत आणि आपलं भांडुपसुद्धा आहे. चला तर, सुरुवातीपासून सुरुवात करू.

विमानाच्या कारखान्यात गांधीलमाशी

इटलीत 1884 साली रिनाल्डो पियाजिओ नावाच्या तरुणाने एक कंपनी काढली. आधी जहाजांच्या आतलं सामान, मग रेल्वेचे डबे आणि पुढे विमानं, असा त्या कंपनीचा पसारा वाढत गेला. दुसऱ्या महायुद्धात पॉन्तेदेरा गावातल्या तिच्या कारखान्यावर बाँब पडले. युद्ध संपलं तेव्हा कारखान्याची पार दैना झाली होती. देशभरातले रस्ते उखडलेले आणि लोकांच्या खिशात पैसा नाही. विमानं आता कोण विकत घेणार?

तेव्हा कारभार रिनाल्डोचा मुलगा एन्रिको पियाजिओ पाहत होता. त्याने विचार केला, आज लोकांना हवंय तरी काय? मोटार त्यांना परवडणार नाही. त्यांना हवी आहे कामावर नेणारी, स्वस्त, साधी दुचाकी. कारखान्यातल्या इंजिनिअरांनी एक नमुना बनवला. त्याला सगळे थट्टेने 'पापेरिनो' म्हणू लागले. पापेरिनो हे डोनाल्ड डकचं इटालियन नाव बरं का! एन्रिकोला काही ते बदक पसंत पडलं नाही. मग त्याने हे काम कोराडिनो दास्कानियो या इंजिनिअरवर सोपवलं.

हे दास्कानियो विमानविद्येतले तज्ज्ञ होते. त्यांनी 1930 साली हेलिकॉप्टर बनवून उडवलं होतं. आणि मोटारसायकल? ती त्यांना मुळीच आवडत नसे! साखळीचं तेल कपड्यांना लागतं, टायर पंक्चर झाला की चाक काढता काढता नाकी नऊ येतात, बसायचं तर टांग टाकून बसावं लागतं. किती या अडचणी!

पण मित्रांनो, एखादी वस्तू नावडती असली, की तिचे दोष आपल्याला चटकन दिसतात. दास्कानियो नुसते नावं ठेवत बसले नाहीत. त्यांनी एकेक दोष काढून टाकला. इंजिन मागच्या चाकाशेजारी नेऊन पत्र्याने झाकलं, त्यामुळे साखळी गेली आणि तेलाचे डागही गेले. समोर पाय ठेवायला मोकळी जागा केली, म्हणजे झगा घातलेल्या बाईलाही सहज बसता यावं. गिअर पायातून काढून हाताच्या मुठीत दिला. आणि पुढचं चाक दोन्ही बाजूंनी न धरता एकाच बाजूच्या दांड्यावर बसवलं, विमानाच्या चाकासारखं! आता पंक्चर झालं तरी चाक झटकन निघू लागलं.

या गाडीचं पेटंट 23 एप्रिल 1946 रोजी नोंदवलं गेलं. इंजिन 98 सीसीचं. मागे फुगीर, मध्ये बारीक कंबर आणि इंजिनाचा गुणगुणाट. ती पाहून एन्रिको म्हणाला म्हणे, की ही तर गांधीलमाशीच दिसते! इटालियन भाषेत गांधीलमाशीला म्हणतात 'व्हेस्पा'. तेच नाव कायम झालं. पुढच्या दहा वर्षांत, म्हणजे 1956 पर्यंत, दहा लाख व्हेस्पा तयार झाल्या.

पाठोपाठ 1948 साली या घराण्यात तीन चाकांचं भावंड आलं. ते सामान वाहायला होतं. त्याचं नाव 'आपे', म्हणजे मधमाशी. तुम्ही अंधेरीला, मुलुंडला किंवा बोरिवलीला रिक्षात बसता ना? पुढे एक चाक, सायकलीसारखं हँडल, इंजिन मागे. हे रूप या मधमाशीच्या घराण्यातलंच आहे.

भांडुपची लँब्रेटा, आकुर्डीची व्हेस्पा

गांधीलमाशीला लवकरच एक तोडीस तोड प्रतिस्पर्धी मिळाली. मिलान शहराजवळ लँब्रो नावाची नदी आहे. तिच्या काठच्या लँब्राते भागात इनोचेंती यांचा पोलादी नळ्यांचा कारखाना होता. त्यांनी 1947 साली 'लँब्रेटा' स्कूटर आणली. विमानवाल्यांनी आपली स्कूटर विमानासारखी पत्रा वाकवून बनवली, तर नळ्यावाल्यांनी आपल्या स्कूटरचा सांगाडा नळ्यांचाच केला. ज्याच्या हाताला जे काम ठाऊक, त्यातूनच त्याची नवी वस्तू घडते, नाही का?

ही लँब्रेटा भारतात आली ती कुठे, ठाऊक आहे? आपल्या मुंबईच्या उपनगरात! घाटकोपर आणि मुलुंड यांच्या मध्ये भांडुप लागतं. तिथे लालबहादूर शास्त्री मार्गावर 'ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया', म्हणजे एपीआय कंपनीचा कारखाना होता. 1950 च्या दशकात तिथे लँब्रेटा जोडल्या जाऊ लागल्या. पुढे याच कारखान्याची 'लॅम्बी' स्कूटरही रस्त्यावर धावली. तो कारखाना आता चालू नाही. पण भांडुप-मुलुंडच्या जुन्या रहिवाशांना विचारलंत, तर एपीआयचं नाव त्यांना हटकून आठवेल.

व्हेस्पा उतरली पुण्याजवळच्या आकुर्डीला. बजाज यांची कंपनी 1948 पासून परदेशी गाड्या आणून विकत होती. 1959 साली तिला भारतातच दुचाकी आणि तीनचाकी बनवण्याचा सरकारी परवाना मिळाला. पियाजिओशी करार करून बजाजने 'व्हेस्पा 150' बनवायला सुरुवात केली. तो करार 1971 साली संपला. मग 1972 मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन 'चेतक' आली. रूप मात्र गांधीलमाशीचंच.

म्हणजे सगळ्यांना स्कूटर मिळाली का? छे! कारखान्याने वर्षाला किती गाड्या बनवायच्या, हेसुद्धा त्या काळी सरकारी परवान्यावर ठरे. गाड्या थोड्या आणि गिऱ्हाईकं फार. आज नाव नोंदवलं, तर स्कूटर दारात यायला कित्येक वर्षं लागत. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या वडिलांनी नंबर लावावा आणि मुलगा कॉलेजात गेल्यावर स्कूटर यावी, असा तो जमाना होता. ज्याच्याकडे मुळात स्कूटरइतके पैसेच नाहीत, त्याने काय करायचं? बस, लोकल, सायकल नाहीतर आपले दोन पाय!

'चाओ'ची झाली लूना

हाच प्रश्न पुण्याच्या हस्तीमल फिरोदिया यांना पडला होता. कमी पगाराच्या माणसाला परवडेल, अशी गाडी का नसावी? त्यांचे चिरंजीव अरुण फिरोदिया आपल्या पवईच्या आयआयटीत शिकले आणि पुढे अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित संस्थेत. पवई म्हणजे घाटकोपर-मुलुंडची शेजारीणच की! या अरुण फिरोदियांना 2012 साली पद्मश्री मिळाली.

गाडीचा नमुना मिळाला तो पुन्हा गांधीलमाशीच्या घरूनच. पियाजिओने 1967 साली 'चाओ' नावाची एक छोटी मोपेड काढली होती. इटलीत दोघं भेटले तरी 'चाओ' म्हणतात आणि निरोप घेतानाही 'चाओ'च म्हणतात. आपला 'रामराम' नाही का, तसंच! या चाओचं वजन सुमारे 40 किलो. म्हणजे सातवी-आठवीतल्या मुलाएवढंच. स्कूटर भरे शंभर किलोच्या आसपास. चाओ उचलून दोन पायऱ्या वर चढवून ओसरीत ठेवता येई. स्कूटर चढवायला चार माणसं बोलवावी लागली असती.

पियाजिओशी करार करून फिरोदियांच्या 'कायनेटिक इंजिनिअरिंग'ने 1972 साली चाओच्या धर्तीवर 50 सीसीची लूना बाजारात आणली. तिचा कारखाना होता अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. व्हेस्पा ही आजी, चाओ ही तिची लेक आणि लूना ही गांधीलमाशीची नात झाली.

50 सीसी म्हणजे केवढं? इंजिनाच्या नळकांड्यात पिस्टन वर-खाली होतो, तेव्हा तो जेवढी जागा व्यापतो तेवढी. 50 सीसी म्हणजे 50 मिलिलिटर. नाक्यावरच्या कटिंग चहाच्या ग्लासातही याहून जास्त मावेल! एवढ्याशा जागेतली ताकद एका माणसाला घेऊन सायकलच्या दुप्पट वेगाने पळत असे.

आणि ही ताकद कुणाकुणाच्या कामी आली पाहा. सकाळी दुधाचे कॅन, वर्तमानपत्रांचे गठ्ठे. दुपारी विमा एजंट, कारकून, शिक्षक. गिअरची कटकट नाही आणि पुढची जागा मोकळी, त्यामुळे साडी नेसूनही लूना आरामात चालवता येई. ज्या घरी बाईने स्कूटर चालवायची कल्पनाही कुणी केली नव्हती, त्या घरच्या बाया लूनावरून नोकरीला, बाजारात आणि मुलांना सोडायला शाळेत जाऊ लागल्या. दूरदर्शनवरच्या लूनाच्या जाहिरातीही घरोघरी पाठ होत्या. त्या मोहिमेचं लेखन करणारे पियूष पांडे पुढे देशातले फार मोठे जाहिरातकार झाले.

लूनाची थट्टाही होई बरं का! भांडुपच्या टेकडीवरचा चढ आला, की लूनाला धाप लागे. मग मागे बसलेल्याने मुकाट्याने उतरून चालू लागायचं. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून नेली, की प्लग भिजे आणि गाडी बंद. प्लग काढायचा, फडक्याने पुसायचा, पॉलिश पेपरने घासायचा आणि पुन्हा बसवायचा. एवढं काम लूनावाल्या घरातल्या शाळकरी मुलालाही येत असे. आजच्या गाडीचं झाकण तरी आपण कधी उघडतो का?

इंजिनाच्या पोटात काय चालतं?

आता तुम्ही विचाराल, इंजिन इतकं हलकं आणि स्वस्त कसं केलं? उत्तर आहे 'टू-स्ट्रोक', म्हणजे दोन धावांचं इंजिन. लूना, चाओ, व्हेस्पा आणि त्या काळची चेतक या सगळ्यांचं इंजिन टू-स्ट्रोकच होतं.

पहिली धाव, पिस्टन वर जातो. वरच्या बाजूला पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं. त्याच वेळी खालच्या बंद पेटीत जागा मोकळी होते आणि तिथे नवं मिश्रण ओढलं जातं. पिस्टन अगदी वर पोचला, की प्लगमधून ठिणगी पडते आणि भडका उडतो.

दुसरी धाव, भडक्याच्या जोराने पिस्टन खाली ढकलला जातो. हाच जोर चाकापर्यंत पोचतो. खाली येता येता पिस्टन नळकांड्याच्या भिंतीतलं एक भोक उघडतो. त्यातून धूर बाहेर पळतो. लगेच दुसरं भोक उघडतं आणि खालच्या पेटीतलं ताजं मिश्रण वर घुसतं. झालं, पुन्हा पहिल्यापासून सुरू!

म्हणजे चाक फिरवणारा दांडा एकदा फिरला, की एक भडका. फोर-स्ट्रोक, म्हणजे चार धावांच्या इंजिनात दांडा दोनदा फिरतो तेव्हा एक भडका होतो. समजा, इंजिन मिनिटाला 4000 फेरे घेत आहे. टू-स्ट्रोकमध्ये 4000 भडके, तर फोर-स्ट्रोकमध्ये 2000. आहे ना सोपं गणित? म्हणून छोटं टू-स्ट्रोक इंजिनही आपल्या आकाराच्या मानाने चांगला जोर लावतं. शिवाय फोर-स्ट्रोकमध्ये आत घेण्यासाठी आणि बाहेर सोडण्यासाठी वेगवेगळ्या झडपा लागतात, त्या उघडमीट करणारे भाग लागतात. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच भिंतीतली भोकं उघडतो आणि झाकतो. भाग कमी, वजन कमी, किंमत कमी, बिघाडही कमी!

मग एवढं छान इंजिन आज नव्या गाड्यांत का दिसत नाही? त्यासाठी सकाळी नऊ वाजता घाटकोपर स्टेशनवर चला.

लोकल आली. उतरणारे आणि चढणारे एकाच वेळी दारात. काय होतं? चढलेल्यांपैकी एखादा उतरणाऱ्यांच्या लोंढ्याबरोबर पुन्हा फलाटावर येऊन पडतो! टू-स्ट्रोक इंजिनात नेमकं हेच घडतं. धूर बाहेर जात असतानाच ताजं मिश्रण आत येतं आणि त्यातलं काही न जळताच धुराबरोबर बाहेर निघून जातं. म्हणजे पैसे देऊन भरलेलं पेट्रोल चक्क वाया! फोर-स्ट्रोकमध्ये मात्र आधी सगळे उतरतात आणि मगच नवे चढतात.

दुसरी अडचण तेलाची. इंजिनातल्या भागांची झीज होऊ नये, म्हणून तेल लागतंच. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण खालच्या पेटीतूनच वर जातं, म्हणून तिथे तेल वेगळं साठवता येत नाही. मग पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं. पेट्रोल पंपावर लूनावाला 'टूटी ऑइल' मागायचा, ते हेच. हे तेल पेट्रोलबरोबर जळे आणि मागे निळसर धुराचा पट्टा सोडत गाडी पुढे जाई.

धूर कुणाच्या वाट्याला?

आता नीट विचार करा हं. इंजिनातले भाग कमी केले, म्हणून गाडी स्वस्त झाली. स्वस्त झाली, म्हणून साध्या माणसाच्या घरी पोचली. हा फायदा खरा होता आणि मोठा होता. पण त्या स्वस्ताईची उरलेली किंमत कुणी दिली? लूनावाला तर धूर मागे टाकून पुढे निघून जाई. तो धूर घेई सिग्नलवर दिवसभर उभा असलेला हवालदार, रस्त्याकडेचा भाजीवाला आणि शाळेत चालत जाणारं मूल.

त्या धुरात न जळलेल्या पेट्रोलची वाफ असे आणि तेलाचे अतिसूक्ष्म कण असत. ते श्वासाबरोबर फुप्फुसांत खोल जातात. दम्याच्या रुग्णाला तर याचा फारच त्रास होतो. त्यात मुलं कमी उंचीची! गाड्यांच्या नळकांड्यांच्या आणि तुमच्या नाकाच्या उंचीत फारसं अंतर नसतं. एक लूना काही फार धूर सोडत नसे. पण हजारो लूना, हजारो स्कूटर आणि हजारो टू-स्ट्रोक रिक्षा एकाच रस्त्यावर आल्या, की काय होईल? अंधेरी-कुर्ला रस्त्यासारख्या गर्दीच्या रस्त्यावरून त्या काळी प्रवास केलेल्यांना विचारा. घरी येऊन नाक पुसलं, की रुमाल काळा होई.

म्हणून आपल्या देशात गाड्यांच्या धुरावर मर्यादा घालणारे नियम आले. पेट्रोलच्या गाड्यांसाठी पहिले नियम 1991 साली लागू झाले. ते 1996 मध्ये आणि पुन्हा 2000 मध्ये कडक झाले. जुन्या पद्धतीच्या टू-स्ट्रोक इंजिनाला ही परीक्षा दर वेळी अवघड जाऊ लागली. लोकांनाही जास्त मायलेजच्या फोर-स्ट्रोक मोटारसायकली आणि बिनगिअरच्या स्कूटर आवडू लागल्या. 2000 नंतरच्या काही वर्षांत लूना बनणं बंद झालं. तिकडे इटलीत 2006 साली चाओनेही सगळ्यांना शेवटचा 'चाओ' केला. उपनगरांतल्या आपल्या रिक्षाही पुढे सीएनजीवर धावू लागल्या.

पण साध्या गाडीची गरज संपली होती का? मुळीच नाही. टीव्हीएस कंपनीने 2015 साली आपल्या मोपेडला फोर-स्ट्रोक इंजिन बसवून 'एक्सएल 100' आणली. तिच्यावर भाजीच्या टोपल्या नाहीतर दुधाचे कॅन लादलेले तुम्ही गावाकडे पाहिले असतील. म्हणजे दोष होता तो इंजिनाच्या पद्धतीत, छोट्या गाडीच्या कल्पनेत नव्हता.

नात पुन्हा दारात

आणि आता गोष्टीतली शेवटची गंमत ऐका. गांधीलमाशीचं अख्खं घराणं पुन्हा महाराष्ट्रात जमलं आहे! पियाजिओ कंपनी स्वतः बारामतीला आली. तिच्या तीनचाकी 'आपे' तिथे तयार होतात, आणि 2012 पासून व्हेस्पाही. बजाजची चेतक जानेवारी 2020 मध्ये बॅटरीवर चालणारी होऊन परतली. आणि फेब्रुवारी 2024 मध्ये आली 'ई-लूना'. ती आणणाऱ्या 'कायनेटिक ग्रीन' कंपनीच्या प्रमुख आहेत सुलज्जा फिरोदिया मोटवानी, म्हणजे अरुण फिरोदियांच्या कन्या आणि हस्तीमल फिरोदियांची नात. एका चार्जवर ती सुमारे 110 किलोमीटर जाते, असं कंपनी सांगते. ना पेट्रोल, ना टूटी ऑइल, ना धूर!

खरंच ना धूर? शाबास, कुणाच्या तरी मनात हा प्रश्न आलाच असेल. बॅटरीत वीज भरावी लागते. मुंबईच्या उपनगरांना मिळणाऱ्या विजेतली काही सूर्यापासून आणि वाऱ्यापासून येते, पण बरीच वीज अजून कोळसा जाळून तयार होते. अशा विजेचं एक केंद्र पालघर जिल्ह्यात डहाणूला आहे. म्हणजे मुलुंडच्या रस्त्यावरचा धूर कमी झाला, हे चांगलंच. पण थोडा धूर दूरच्या एका धुरांड्यातून निघतो, हेही आपण विसरता कामा नये. वीज जितकी स्वच्छ होईल, तितकी ई-लूना खऱ्या अर्थाने स्वच्छ होईल.

म्हणून मुलांनो, कोणतंही नवं यंत्र दिसलं, की तीन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. याने काय सोपं झालं? ते कुणाच्या कामी आलं? आणि त्याची किंमत कोण देतंय? दुकानदार सांगतो ती किंमत नव्हे हं, जी पावतीवर लिहिलेली नसते ती! दास्कानियोंनी मोटारसायकलीला असेच प्रश्न विचारले, म्हणून व्हेस्पा झाली. फिरोदियांनी स्कूटरला विचारले, म्हणून लूना झाली. आणि धुराबद्दल कुणीतरी प्रश्न विचारले, म्हणून आज निळसर धुराचे पट्टे दिसेनासे झाले.

करून पाहा

1) सायकलचा हवा भरायचा पंप घ्या. त्याच्या नळीचं तोंड अंगठ्याने दाबून धरा आणि दांडा दहा-बारा वेळा जोराने दाबा. आता पंपाच्या खालच्या टोकाला हात लावून पाहा. गरम लागलं? हवा दाबली की तापते. इंजिनातही पिस्टन मिश्रण दाबतो, तेव्हा ते असंच तापतं.

2) घराजवळच्या नाक्यावर फुटपाथवर, मोठ्या माणसाबरोबर दहा मिनिटं उभे राहा. किती दुचाकी गेल्या? त्यांतल्या हिरव्या नंबरप्लेटच्या, म्हणजे बॅटरीवरच्या किती? वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी त्याच वारी, त्याच वेळी पुन्हा मोजा आणि दोन्ही आकड्यांची तुलना करा.

पालकांसाठी दोन शब्द

लूनाची गोष्ट वाचून घरातल्या दादा-ताईंच्या हाताला खाज सुटेल, म्हणून सांगते. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे 16 वर्षं पूर्ण झाल्यावर परवाना काढून फक्त 50 सीसीपर्यंतची पेट्रोलची दुचाकी चालवता येते. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बिनगिअरच्या बहुतेक स्कूटर त्याहून दुपटीने मोठ्या इंजिनाच्या आहेत. त्यांच्यासाठी 18 वर्षंच पूर्ण हवीत. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देऊन गुन्हा घडला, तर 2019 च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'कोपऱ्यावरच तर जायचंय' हे कारण तिथे चालत नाही. आणि मागे बसणाऱ्या लेकरालाही हेल्मेट घालाच.

तर मित्रांनो, आजोबांना लूनाबद्दल विचारायला विसरू नका. त्यांनी सांगितलेली गोष्ट वहीत उतरवा, आणि लूनाचा जुना फोटो सापडला तर आमच्या पत्त्यावर पाठवा. मात्र फोटो अल्बममधून काढण्याआधी आजोबांना विचारा बरं का!